गाडीच्या पाठीमागचा डोळा

मोटार मागे घेताना तिन्ही आरसे पाहिले म्हणजे सारे दिसले, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात मधल्या आरशात मागच्या काचेच्या खालच्या कडेपेक्षा वरचेच दृश्य येते आणि बाजूच्या आरशांत दोन्ही बाजूंचे. डिकीलगतच्या जमिनीचा पट्टा कोणत्याही आरशात येत नाही. दोन-तीन वर्षांचे मूल त्या पट्ट्यात सहज दडून जाते. घराच्या अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात गाडी मागे घेणारा बहुधा घरचाच असतो आणि मागे खेळणारे मूलही घरचेच.

अमेरिकेत २००२ साली वडिलांच्या गाडीखाली सापडून दोन वर्षांचे एक बालक दगावले. त्याच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला आणि मे २०१८ पासून तेथील नव्या प्रवासी मोटारींना मागचा कॅमेरा सक्तीचा ठरला. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागचे सेन्सर बंधनकारक झाले. मात्र सेन्सर केवळ आवाजाने सूचना देतो. मागे काय आहे, हे तो दाखवत नाही. त्यापूर्वीच्या अनेक गाड्यांत तर दोन्हींचा अभाव आहे.

अशा गाड्यांसाठी कॅमेरा व छोटा पडदा असा संच काही हजार रुपयांत मिळतो. पाणी व धूळ आत न शिरणारा कॅमेरा निवडावा. तो नंबरप्लेटच्या वर, मधोमध बसवतात. त्याची लाल तार रिव्हर्स दिव्याच्या तारेला आणि काळी तार गाडीच्या लोखंडी सांगाड्याला जोडली जाते. त्यामुळे रिव्हर्स गिअर पडताच कॅमेरा आपोआप सुरू होतो. चित्र वाहून नेणारी केबल डिकीच्या झाकणातील रबरी नळीतून व पायदळी गालिच्याखालून पुढे आणावी. उघडी राहिल्यास ती झाकणात चेमटते. पडद्याची वीजजोडणी फ्यूजमधूनच घ्यावी. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक सोडवावे. नव्या गाड्यांची वायरिंग गुंतागुंतीची असते आणि तारा कापल्यास वॉरंटीला बाधा येऊ शकते. तेथे जाणकार ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच काम करून घेणे श्रेयस्कर.

जोडणी झाली म्हणजे काम संपले, असे नव्हे. पडद्याच्या तळाशी बंपरची कडा किंचित दिसेल, असा कॅमेऱ्याचा कोन ठेवावा. आरशाप्रमाणे डावी बाजू डावीकडेच दिसते ना, हे पाहावे. मग गाडीमागे एक व दोन मीटरवर खडूने रेघा आखून पडद्यावरील खुणांशी ताडून पाहाव्यात. रुंद भिंगामुळे वस्तू असते त्याहून दूर भासते. म्हणून पडद्यावरील अंतराची आपल्या डोळ्यांना सवय होणे अगत्याचे आहे.

पावसाळ्यात चिखलाचा एक थेंबही भिंग झाकून टाकतो. ते मऊ फडक्याने नियमित पुसावे. शिवाय बाजूने धावत येणारे मूल किंवा चाकाच्या आडोशाला निजलेले पिल्लू कॅमेऱ्यालाही दिसत नाही. म्हणून गाडीत बसण्यापूर्वी तिच्याभोवती एक फेरी मारावी, लहान मुले कोणाजवळ आहेत याची खात्री करावी आणि मगच सावकाश गाडी मागे घ्यावी. कॅमेरा त्या फेरीनंतरच्या क्षणांवर लक्ष ठेवतो. त्या फेरीची जागा तो घेऊ शकत नाही.