रजिस्ट्रीच्या आधीचा वकील

नांदेड जिल्ह्यातल्या उमरीत प्लॉट किंवा जुनं घर घेताना आपण भाव ठरवतो, दिशा बघतो, रस्ता किती फुटांचा ते विचारतो. वकील आठवतो तो खरेदीखताच्या दिवशी. तोवर इसार देऊन झालेला असतो. वकिलाचं खरं काम मात्र इसार पावतीवर सही होण्याआधीचं आहे.

‘रजिस्ट्री झाली म्हणजे मालकी पक्की’ हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज. दुय्यम निबंधक मुद्रांक शुल्क, ओळख, सह्या बघतात. विकणारा खरा मालक आहे का, याचा निवाडा ते करत नाहीत. एप्रिल 2025 मध्ये तमिळनाडूतल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच स्पष्ट केलं. सातबारा ही महसुली नोंद. उलट सिद्ध होईपर्यंत ती खरी धरतात, एवढंच. नगरपरिषदेच्या कराच्या पावतीने तर मालकी मुळीच ठरत नाही. आणि शंभराच्या बॉण्डवर नोटरी करून घेतलेला प्लॉट? त्यावर फक्त सह्यांची साक्ष आहे. नुसत्या मुखत्यारपत्रावर मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्येच सांगितलंय.

‘बँकेच्या वकिलाने पाहिलंय, मग आपला कशाला?’ पॅनलवरचा वकील बँकेचा; कर्ज सुरक्षित आहे ना, हे तो बघतो. उद्या दावा लागला तरी हप्ता तुमचाच. प्लॉटिंगवाल्याने ‘आपलाच माणूस’ म्हणून दिलेला वकील कुणाचा, हे वेगळं सांगायला नको. दस्तलेखक मजकूर झकास बसवतो, पण समोर ठेवलेल्या कागदांपलीकडे शोध घेणं हे त्याचं काम नाही.

आपल्या भागात हा शोध अवघड आहे, कारण सप्टेंबर 1948 पर्यंत इथे निजामाचं राज्य होतं. जुने कागद उर्दूत, काही मोडीत. त्यात इनामं आणि कुळं. 1950 चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा आणि 1954 चा इनाम निर्मूलनाचा कायदा आजही सातबाऱ्यावर सावली टाकून आहेत. ‘तीस वर्षांचा सर्च केला की झालं’ म्हणतात. गहाण सोडवायची मुदत तीस वर्षं, म्हणून ही रीत ठीकच. पण देवस्थान इनामाची जमीन तीस वर्षांत मोकळी होत नाही. म्हणून वकिलाला पहिला प्रश्न हा विचारा: 1954-55 च्या खासरा पाहणीपर्यंत मागे जाल का? ‘कशाला एवढं?’ असं उत्तर आलं, तर दुसरा वकील बघावा. नांदेडच्या मोठ्या नावापेक्षा तहसील आणि भूमी अभिलेख कार्यालयातली जुनी दप्तरं उघडणारा तालुक्याचा वकील इथे जास्त उपयोगी पडतो, असं माझं मत.

सातबाऱ्यावरचा ‘इतर हक्क’ हा रकाना त्याच्याकडून ओळ न् ओळ वाचून घ्या. बोजा, कूळ, ‘भोगवटादार वर्ग-2’ सगळं तिथे किंवा आसपासच सापडतं. मग वारसाचा फेरफार. वडील वारले, फेरफारात तीन भावांची नावं आहेत आणि बहिणी कुठेच नाहीत, असं दिसलं की थांबायचं. ‘बहिणींनी तलाठ्यापुढे जबाब दिलाय’ हे उत्तर पुरेसं नाही. नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र बघायला मागा. वडिलार्जित मिळकतीत मुलीचा जन्मतः वाटा आहे, वडील 2005 नंतर हयात असोत वा नसोत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2020 मध्ये ठरवलं. जाहीर नोटिशीला हरकत आली नाही म्हणून तो वाटा बुडत नाही.

वकिलाला सनद क्रमांक विचारायला संकोच नको. मिळकतीत हिस्सा किंवा निकालावर फी असा व्यवहार करायला वकिलांच्या आचारसंहितेची बंदी आहे, तेव्हा आकडा आधीच ठरवा. खर्च झेपत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. शोध अहवाल लेखी घ्या, तुमच्या नावाने. कोणत्या वर्षांचे, कोणत्या कार्यालयातले कागद पाहिले आणि कोणते मिळाले नाहीत, हेही त्यात लिहून मागा.