शिंपल्यांच्या ढिगातला इतिहास

आपल्या वाशिम जिल्ह्यात शिंपले भेटतात ते पैनगंगेच्या वाळूत, एखाददुसरे. अंदमानात मात्र त्यांचे काही मीटर उंच ढीग आहेत! तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या शिंपले वेचले, मांस खाल्लं, कवचं तिथंच टाकली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या झरीन कूपर यांनी १९८०च्या दशकात हे ढीग अभ्यासले. त्यांतला चौलदारी इथला ढीग सुमारे २,२०० वर्षांपूर्वीचा निघाला. त्यात रानडुकरांची हाडं आणि खापरंही होती.

मला सगळ्यात भावतो तो कवचांचा वापर. सायरेना नावाच्या शिंपल्याची धार म्हणजे अंदमानी माणसाची सुरी असायची. दोरासाठी सालीचे तंतू तिनंच खरवडून काढायचे. नॉटिलस या समुद्री जीवाचं कवच पाणी प्यायला वापरायचे. ब्रिटिश अधिकारी ई. एच. मॅन यांनी १८८०च्या दशकात हे बारकाईनं नोंदवून ठेवलंय.