सरहद्दीवरचे आकडे

लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने १९२२ साली प्रसिद्ध केलेल्या हवामानगणितावरील ग्रंथात एका विशाल सभागृहाचे कल्पनाचित्र रेखाटले आहे: आतल्या भिंतींवर साऱ्या पृथ्वीचा नकाशा रंगविलेला, सज्जांतून ६४,००० गणिती कारकून बसलेले, आणि प्रत्येकाकडे आपल्या मुलखातील हवेच्या एखाद्याच समीकरणाचा हिशेब सोपविलेला. पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये जखमींची ने-आण करीत असता त्याने एकट्याने, हाताने, सहा तासांचे भाकीत मांडून पाहिले होते; त्यात वायुभार १४५ मिलिबारने चढला, प्रत्यक्षात तो जवळजवळ स्थिरच होता. हे अपयश त्याने निःसंकोच छापले, याबद्दल मला त्याच्याविषयी अतीव आदर वाटतो.

परंतु त्या चित्रातील खरे मर्म कारकुनांच्या संख्येत नसून, शेजाऱ्यांस वाचता यावेत म्हणून प्रत्येक प्रांताचे तत्क्षणीचे आकडे झळकविणाऱ्या प्रकाशपाट्यांत आहे. वारा, उष्णता, लाटा यांची आंशिक विकलक समीकरणे सोडविताना कोणत्याही बिंदूची पुढच्या क्षणाची स्थिती लगतच्या बिंदूंवरून ठरते; म्हणून बिंदूंचे जाळे हजारो संगणकांत वाटून दिले, तरी आतल्या मुलखाचा हिशेब जो तो स्वतंत्रपणे करील, पण सरहद्दीवर शेजाऱ्याच्या आकड्यावाचून त्याची लेखणी अडते. यावर तजवीज अशी, की प्रत्येकाने आपल्या मुलखाभोवती शेजाऱ्याच्या कडेच्या बिंदूंची नक्कल बाळगावी आणि दर पावलाला ती ताजी करून घ्यावी.

बाजूला १०० बिंदू असलेला घन घ्या. त्याच्या १० लाख बिंदूंपैकी सुमारे ५९,००० पृष्ठभागावर, म्हणजे शेकडा सहा. त्याचे आठ तुकडे केले, की प्रत्येकाच्या सव्वा लाखांत १४,००० हून अधिक, म्हणजे शेकडा जवळजवळ बारा! वाटणी बारीक होत जाते तसतसे ज्याचे त्याचे काम घटते, पण त्या मानाने पत्रव्यवहार वाढतो. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली सिद्ध केलेल्या परम ८००० या महासंगणकात ज्या ट्रान्सप्युटर चिप वापरल्या, त्यांतील प्रत्येकीला इतरांशी आकडे देण्या-घेण्यासाठी चार दुवे मुळातच दिलेले होते, ते याचसाठी.

रिचर्डसनने सभागृहाच्या मध्यभागी उंच स्तंभावर एक अधिकारीही बसविला होता, जो पुढे धावणाऱ्या प्रांतावर गुलाबी आणि मागे रेंगाळणाऱ्यावर निळा झोत टाकी. कारण एक जरी मागे राहिला, तरी त्याच्या आकड्यांसाठी भोवतालचे सारे खोळंबतात. आज तो निळा झोत पडला, की आज्ञावली सरहद्दच नव्याने आखते आणि मागे पडलेल्याचे काही बिंदू शेजाऱ्याच्या दप्तरी चढविते.