पेला, ताट आणि माती

अर्थशास्त्राच्या प्राथमिक पुस्तकात ‘पूरक वस्तूं’चे उदाहरण म्हणून चहा आणि साखर ही जोडी दिलेली असते. परदेशी जाणाऱ्या मराठी प्रवाशापुढे आज आणखी एक जोडी येते: पांढरी वाइन आणि उपाहारगृहातील आचाऱ्याने कल्पकतेने रचलेला पदार्थ. मुलाच्या नोकरीनिमित्त युरोपात गेलेल्या निवृत्त शिक्षकापुढेही अशी पदार्थपत्रिका ठेवली जाते आणि प्रत्येक पदार्थासमोर वेगळ्या वाइनचे नाव असते. श्रीमंतांचा चोचला म्हणून हा विषय झटकून टाकणे सोपे आहे. परंतु त्यामागे शास्त्र आहे, आणि शास्त्रामागे अर्थकारणही आहे.

शास्त्र फारसे अवघड नाही. पदार्थ आंबट असेल तर वाइन निदान तितकीच आंबट हवी, नाहीतर ती पाणचट लागते. तिखटाबरोबर कडक वाइन घेतली तर जिभेची आग वाढते. तेथे कमी मद्यार्काची, किंचित गोड जर्मन रीसलिंग बरी. तळणाला आंबटपणा हवा, कारण तो तोंडातील स्निग्धता कापतो. माशाबरोबर तांबडी वाइन पुष्कळदा धातूसारखी लागते, म्हणून पांढरीचा आग्रह. पदार्थ कितीही नवलाचा असला, तरी त्याच्या नावाने भांबावून न जाता त्यातील आंबट, गोड, तिखट आणि स्निग्ध यांचा अंदाज घ्यावा, एवढेच पुरते. मासळीच्या जेवणावर सोलकढी पिणाऱ्याला, किंवा तळलेल्या तुकडीवर लिंबू पिळणाऱ्याला, हे निराळे शिकवावे लागत नाही.

आता अर्थकारण. फ्रान्समधील लवार नदीच्या मुखाजवळ मस्कादे ही वाइन होते आणि ती तेथील किनाऱ्यावरच्या कालवांबरोबर घेतात. त्याच नदीच्या वरच्या अंगाला सांसेरची वाइन आणि शेजारच्या शाविन्योल गावचे बकरीच्या दुधाचे चीज यांची जोडी प्रसिद्ध आहे. या जोड्या मुळात पंडितांनी ठरवल्या नाहीत. एका मातीत जे पिकले ते एका ताटात आले. फ्रान्सने 1935 मध्ये कायदा करून अशा स्थलनामांना संरक्षण दिले. तेव्हापासून गावाचे नाव हेच उत्पादकाचे भांडवल झाले. आचाऱ्याची कल्पकता कितीही उंच उडो, पत्रिकेवर वाइनसमोर गावाचे नाव राहते आणि त्या नावाची किंमत मळ्यापर्यंत पोचते.

लवारचीच शेनिन ब्लां ही द्राक्षे आज नाशिकच्या मळ्यांत पिकतात. राज्याने 2001 मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण आखले. ‘नाशिक व्हॅली वाइन’ या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले. त्या मळ्यांकडे पाठ करून सह्याद्री उतरला की मोखाडा आणि जव्हार लागतात. जव्हार तालुक्यातील वांगणी हे नाव महाराष्ट्राला माहीत झाले ते 1992-93 मध्ये, वावर-वांगणीत शंभराहून अधिक बालके कुपोषणाने दगावली तेव्हा. एका गावाचे नाव पेल्यामुळे जगाला कळते, दुसऱ्याचे रित्या ताटामुळे.

या मातीत काहीच पिकत नाही, असे मात्र नाही. येथे नागली आहे, वरई आहे, मोह आहे. मोहाचे फूल टंचाईच्या दिवसांत अन्न म्हणूनही उपयोगी पडते. ब्रिटिश सरकारने 1892 च्या कायद्याने ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत ते बाळगण्यावरच बंधने घातली. जव्हार तेव्हा संस्थान होते. पण भोवतालच्या ठाणे जिल्ह्यातील आदिवासीला आपल्याच झाडाचे फूल गुन्ह्याचा मुद्देमाल ठरले. स्वतंत्र महाराष्ट्रात मोहफुलांच्या संकलन-वाहतुकीवरील निर्बंध उठले ते 2021 मध्ये. पुढच्याच वर्षी राज्याने मोहाच्या मद्याला ‘विदेशी मद्या’च्या वर्गात स्थान दिले! घरच्या झाडाला प्रतिष्ठा देण्यासाठी त्याला परदेशी ठरवावे लागावे, यावर अधिक भाष्य नको.

मद्याने पाड्यांचा उद्धार होईल, असे येथे सुचवायचे नाही. त्याने उद्ध्वस्त झालेले संसारही तेथेच आहेत. प्रश्न मूल्याचा आहे. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झाले आणि नागलीला मोठ्या उपाहारगृहांच्या पत्रिकेवर मान मिळू लागला. उद्या तिच्याशेजारी नाशिकची पांढरी वाइन मांडली जाईल आणि ती जोडी शोभेलही. परंतु त्या ताटाच्या किमतीतील किती पैसे नागली पिकवणाऱ्या हाती पडतील? 1996 च्या पेसा कायद्याने आणि 2006 च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला गौण वनोपजावर मालकी दिली आहे. तिला प्रक्रिया, साठवण आणि स्थलनामाची जोड मिळाली, तरच ती मालकी कागदावरून ताटापर्यंत येईल.

तेव्हा परदेशी प्रवाशाने पेला जरूर चाखावा. मात्र पत्रिकेवरील त्या गावाचे नावही वाचावे आणि परतल्यावर विचारावे की, आमच्या वांगणीचे नाव अशा पत्रिकेवर कधी येणार, आणि ते येण्याआधी तेथल्या मुलांची ताटे भरलेली असतील की नाही.