धंदेवाईक कबड्डी संघाचा जमाखर्च

गावचे कबड्डी मंडळ वर्गणीवर चालते. शामियान्याचे भाडे भागवून काही उरलेच तर खेळाडूंना न्याहारी. सिल्वासाकडील मंडळींना हा हिशेब सांगावयास नको. धंदेवाईक संघ मात्र तिकिटांच्या विक्रीवर जगत असावेत, असा समज आहे. तो खरा नव्हे.

प्रो कबड्डी लीग 2014 साली सुरू झाली. करोनाच्या साथीमुळे तिच्या आठव्या हंगामाचे सामने डिसेंबर 2021 पासून बंगळूरच्या एका हॉटेलात, प्रेक्षकांवाचून झाले. दाराशी पैसाही जमला नाही, तरी ‘पुणेरी पलटण’ व ‘यू मुंबा’ टिकून राहिले. दूरचित्रवाणीचे हक्क लीग एकत्रित विकते व त्यातील वाटा संघांस देते, हे त्याचे मुख्य कारण. सदऱ्यावरील जाहिरातीचे पैसे ज्या त्या संघाने मिळवावयाचे.

खरी मेख खर्चात आहे. लिलावात प्रत्येक संघास सारखीच कमाल रक्कम नेमून दिलेली असते. त्यामुळे धनाढ्य मालकालाही सारे नामांकित चढाईपटू पळविता येत नाहीत. इंग्लंडातील रग्बी लीगमध्येही वेतनावर अशीच मर्यादा आहे.

मात्र 2015 साली स्टार इंडियाने लीग चालविणाऱ्या मशाल स्पोर्ट्समध्ये 74 टक्के भाग घेतला आणि प्रक्षेपणाचे हक्कही स्टारकडेच राहिले. विकणारा व घेणारा बहुतांशी एकच असता संघांनी भावाची घासाघीस करावी कोणाशी?