दोन मिनिटं श्वास रोखला, तरी परीक्षा बाकी

फ्रीडायव्हिंग म्हणजे पाठीवर सिलिंडर न घेता, एका श्वासात खाली जाऊन परत येणं. 'आयडा' या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या दुसऱ्या पातळीच्या प्रमाणपत्रासाठी तुम्हाला पाण्यावर पालथं, न हलता पडून २ मिनिटं श्वास रोखावा लागतो, पाण्याखालून आडवं ४० मीटर पोहावं लागतं आणि निदान १२ मीटर खोल जाऊन यावं लागतं. तिसऱ्या पातळीला हेच आकडे २ मिनिटं ४५ सेकंद, ५५ मीटर आणि २४ मीटर.

हे वाचून वाटतं, दम वाढवला की झालं. पण बेशुद्ध जोडीदाराला खालून वर आणणंही याच परीक्षेत आहे, आणि माझ्या मते खरी अट तीच. का ते सांगते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट असतो. त्यामुळे फुफ्फुसांत ऑक्सिजन कमी उरला तरी तो रक्तात जात राहतो. खाली तुम्ही अगदी ठणठणीत. वर येताना शेवटच्या १० मीटरमध्ये दाब निम्मा होतो, त्याबरोबर ऑक्सिजनचाही दाब पडतो, आणि माणूस पृष्ठभागाशी येऊन बेशुद्ध होतो. बहुधा त्याला कळतही नाही! कारण श्वासासाठीची तगमग मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साठल्यामुळे होते. बुडी मारण्याआधी जोरजोरात श्वास घेऊन तो बाहेर टाकला, की ती घंटा उशिरा वाजते. (विहिरीत एकट्याने पैजा लावणाऱ्यांनो, ऐकताय ना?)

वर आल्यावरही जोडीदार निदान ३० सेकंद तुमच्या चेहऱ्यावरून नजर हटवत नाही.