वायूची स्प्रिंग, पोलादाची स्प्रिंग

खडकाळ किंवा वाळवंटी वाटेवर धावणाऱ्या गाडीच्या प्रत्येक चाकापाशी दोन निराळी कामे चाललेली असतात. गाडीचे वजन पेलून धक्का झेलण्याचे काम स्प्रिंग करते, आणि तिची उसळी आवरण्याचे काम शॉक अब्सॉर्बर, म्हणजेच गॅरेजच्या बोलीतला ‘शॉकअप’, करतो. त्याच्या नळकांड्यातील दट्ट्या बारीक छिद्रांतून तेल ढकलतो आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलून टाकतो. ‘कॉइलओव्हर’ या प्रकारात या नळकांड्याभोवती पोलादी कॉइल स्प्रिंग असते, तर ‘एअर शॉक’मध्ये ती नसतेच, तेथे तेलासोबत कोंडलेला नायट्रोजनच गाडी तोलून धरतो. महागड्या गाड्यांतील रबरी फुग्यांचे एअर सस्पेन्शन ही आणखी वेगळी गोष्ट.

या दोन स्प्रिंगांमागे सतराव्या शतकातील दोन नियम आहेत. स्प्रिंग जितकी दाबावी तितकाच तिचा प्रतिकार वाढतो, हा रॉबर्ट हूकचा 1678 मधील सिद्धांत. तर तापमान स्थिर असताना वायूचे आकारमान निम्मे केले की त्याचा दाब दुप्पट होतो, हा रॉबर्ट बॉइलचा 1662 मधील नियम, आणि गंमत अशी की बॉइलला त्याच्या प्रयोगांसाठी हवेचा पंप बांधून देणारा सहायक हूकच होता.

बॉइलचा नियम एअर शॉकमध्ये कसा उतरतो, हे एका हिशेबाने स्पष्ट होते. दट्ट्याचा 40 मिलिमीटर व्यासाचा दांडा 300 मिलिमीटर आत शिरला, तर तो सुमारे 377 घन सेंटिमीटर जागा व्यापतो. वायूसाठी आधी 600 घन सेंटिमीटर जागा असेल तर 223 उरते आणि दाब सुमारे 2.7 पट होतो, पण त्याच नळकांड्यात 100 घन सेंटिमीटर तेल जास्त भरले तर तो 4 पटींवर जातो. म्हणजे सुरुवातीला मऊ असणारी ही स्प्रिंग शेवटी झपाट्याने कडक होते, आणि किती कडक व्हावी ते तेलाच्या मापाने, तर गाडी किती उंच उभी राहावी ते नायट्रोजनच्या दाबाने ठरवता येते. पोलादी स्प्रिंगचा कडकपणा बदलायचा तर स्प्रिंगच बदलावी लागते. पोलादाचे वजन वाचते आणि खर्चही कमी होतो, म्हणून खडकांवरून मुंगीच्या चालीने चढणाऱ्या हलक्या, नळ्यांच्या सांगाड्याच्या गाड्यांना एअर शॉक मानवतो.

दोषाचे मूळही त्याच वायूत आहे. वेगाने धावताना तेल तापते, त्याच नळकांड्यातील वायूही तापतो, आणि 27 अंश सेल्सिअसवरून 87 अंशांवर गेलेल्या वायूचा दाब, जागा तेवढीच राहिल्यास, 20 टक्क्यांनी वाढतो; गाडी उंच होते, स्प्रिंग कडक होते, आणि सकाळी बसवलेले गणित दुपारी चुकते. शिवाय वायू आणि तेल एकत्र घुसळून फेस झाला की अवमंदन, म्हणजे उसळी आवरण्याची क्षमता, घटते. कॉइलओव्हरमध्ये सहसा नायट्रोजन बाजूच्या टाकीत, सरकत्या दट्ट्याआड वेगळा ठेवलेला असतो आणि वजन पेलणारे पोलाद या तापमानाला दाद देत नाही. सर्वांत व्यावहारिक फरक मात्र बिघाडाच्या वेळी कळतो: सील फुटले तर एअर शॉकची गाडी त्या कोपऱ्यावर बसते, कॉइलओव्हरची हिंदकळत का होईना घरी पोचते.

कॅलिफोर्नियातील जॉन्सन व्हॅलीत 2007 पासून होणाऱ्या ‘किंग ऑफ द हॅमर्स’ शर्यतीत वाळवंटातील भरधाव पल्ला आणि खडकांतील चढाई एकाच दिवशी पार करावी लागते, आणि अशा ठिकाणी तापाला न जुमानणारी कॉइल स्प्रिंगच भरवशाची ठरते. भारतात तर महिंद्रा थारसारख्या गाडीचा पाट्यांवरून, म्हणजे लीफ स्प्रिंगांवरून, कॉइलपर्यंतचा प्रवासही अलीकडचा आहे. 2010 च्या थारच्या मागच्या चाकांना पाटेच होते, 2020 च्या थारमध्ये तेथे कॉइल स्प्रिंगा आल्या. माणसे आणि सामान भरून सह्याद्रीचे घाट चढणाऱ्या अशा वजनदार गाडीला एअर शॉक बसवण्याचा हौशी विचार फारसा शहाणपणाचा नाही.